बॉनेटातला गुलाल

२ नोव्हेंबर, रविवार

जोतिबावरनं आत्ताच आलो. कानात गुलाल, नाकात गुलाल, या पानावर पण सांडतोय.

दोड्डव्वा म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण, पण स्टिअरिंगवर बसली की कुणाचीच बहीण नाही. घाटात दोन जीपांना मागं टाकलं! तिचा डावा पाय गुडघ्यात वाकत नाही, म्हणून ही बिनक्लचची आटोमॅटिक गाडी घेतली, सेकंडहँड. एका पायात काम भागतं.

वर गेल्यावर बॉनेटला बोटभर गुलाल लावतात, सगळेच लावतात. हिनं मला बॉनेट उघडायला लावलं. "आत टाक." टाकला. "आजून. हात आखडू नकोस." नारळवाला बघत होता. "पावणं, गाडीला न्हाऊ घालताय व्हय?" मी खोखो हसले. दोड्डव्वा नाही हसली.

गोकर्णला जाता जाता चार दिवस इथं टेकले होते. दिवाळी होऊन गेली. बॅग अजून उघडीच आहे.

४ नोव्हेंबर

आज भीती वाटली.

कसबा बावड्यातनं निघालो आणि चढावर गाडी हुडहुडी भरल्यागत थरथरायला लागली. इंजिन ओरडतंय, गाडी पुढं सरकेना. मागं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. त्याची टेप एवढी मोठ्यानं, की भोंगा कुठला न् गाणं कुठलं कळेना. मग एकदम धक्का बसला, सुटली. (उतरून एक ऊस ओढला असता खरं तर. सहज हाताला आला असता.)

घरी बॉनेट उघडलं. इंजिन थंड ठेवायचं पाणी ज्यात असतं त्या पांढऱ्या बाटलीत हिरवं कूलंट दिसायला पाहिजे. वर गुलाबी साय! गुलाबाचं दूध नासावं तशी.

गुलाल. मीच टाकलेला. बाटलीचं टोपण सैल होतं, त्यातनं गेला असणार.

"आसंल," दोड्डव्वा म्हणाली. "तुज्या हाताला मापच न्हाई." एवढंच. रागावलीसुद्धा नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

५ नोव्हेंबर

गाडीला गोड वास येतोय. साखर कारखाना सुरू झालाय, सगळ्या बावड्यालाच येतोय.

६ नोव्हेंबर

पुण्यावरनं आदर्शअण्णाचा फोन. दोड्डव्वाचा मुलगा, मोनाचा बाप. स्पीकरवर असला की तो सभेत बोलल्यागत बोलतो. "आई, सोळा तारखेला येतोय. मोनाला घेऊन. मला बसवून जोतिबाचा घाट चढून दाखव. कुठं अडली तर गाडी मी इकणार. त्या पायानं कशाला पायजे गाडी?"

"पाय माजा हाय, गाडी माजी हाय," म्हणाली आणि फोन ठेवला.

नंतर भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता— "गाडी गेली की दावणीची म्हस न् मी एकच. कुणी सोडलं तर भाईर."

माझ्या मूठभर गुलालानं हिची गाडी जाणार?

८ नोव्हेंबर

इथल्या मंगळवार पेठेत मौलालीचाचा मेस्त्रीकडं गेलो. कशीबशी पोचली गाडी. चाचा गिऱ्हाइकावर ओरडल्याशिवाय गाडीला हात लावत नाही. "आक्का, ढकलत आणायची व्हती! चालवली कशाला?"

गाडीखाली शिरून गिअरबॉक्सचा बोल्ट सोडला. लाल तेल यायला पाहिजे. आलं ते गुलाबी, दाट. गोड वास. कारखान्याचा नव्हता तर तो!

"गुलाल न्हवं ह्यो," चाचा. रेडिएटरच्या पोटातनं गिअरच्या तेलाची नळी जाते म्हणे, तेल गार व्हायला. ती आत फुटली. तेल पाण्यात, पाणी तेलात. आणि पाणी लागलं की गिअरबॉक्समधल्या प्लेटांवरचं अस्तर सुटतं.

म्हणजे मी नाही केलं! उडीच मारावी वाटली.

मग चाचानं विचारलं, "किती दिस हाय असं?" दोड्डव्वा शटरकडं बघत बसली. मीच सांगितलं— रविवारनंतर सुरू झालं, त्याआधी घाट वाऱ्यासारखी चढली.

"मग वाचंल. बॉक्स खोलाय पायजे खरं तर, पर त्याला म्हैना जाईल. नवंच दुखणं असंल तर नुसतं धुऊन भागंल. जुनं असतं तर म्या हात जोडले असते. अस्तर सुटलेली गाडी घाटात मधीच सोडती, आक्का. मग मागं घसरती. ब्रेक लागला तर लागला, न्हाईतर दरी."

दोड्डव्वा "व्हय" म्हणाली.

१२ नोव्हेंबर

नवा रेडिएटर बसला. तेल धुऊन टाकलं, अजून गुलाबीच येतंय, परत धुणार. गॅरेजसमोरच्या तालमीतली पोरं बघण्यात माझी दुपार गेली.

१४ नोव्हेंबर

गाडी आली. तेल लालभडक. लोण्यासारखी चालते! रंकाळ्याला दोन फेऱ्या मारल्या, मी तर खिडकीतनं गात होते. दोड्डव्वाचं ध्यान नुसतं इंजिनच्या आवाजाकडं. एकदा बारीकशी थरथरली असं मला वाटलं. तिला विचारलं. "रस्ता खराब हाय," म्हणाली.

रस्ता चांगला होता.

१५ नोव्हेंबर

दोड्डव्वा जेवत नाही. आदर्शअण्णा आलाय. मोना सहा वर्षांची, आजीच्या मांडीवरनं उतरेना. "आज्जी, मी मागं बसणार. काच उघडी ठिवायची." दोड्डव्वा तिच्या डोक्यावरनं हात फिरवत राहिली, किती वेळ.

मी बॅग भरली. उद्याचा घाट झाला की गोकर्ण.

१६ नोव्हेंबर, रविवार

आदर्शअण्णा पुढं, मोना आणि मी मागं. घाटाला जायला शिवाजी पुलाकडं वळायचं होतं, दोड्डव्वा वळलीच नाही. मंगळवार पेठ. चाचाच्या दारात गाडी थांबवली, उतरली नाही, काच खाली केली.

"मौलाली, माज्या भाचीला कायबी म्हाईत न्हाई. गाडी गणपतीपास्नं मधनंमधनं थरथरतीया. गुलाबी पाणी मला तवाच दिसलतं. झाकाय म्हणून गुलाल टाकाय लावला."

मग गिअर पार्किंगला टाकला, चावी काढली आणि आदर्शअण्णाच्या मांडीवर ठेवली.