चष्मा वर सारलेलं बोट

आबा, काल झाकण उघडलं आणि ताऱ्याचा पहिला प्रकाश खाली आला. अवकाशातल्या दुर्बिणीला आम्ही जे यंत्र जोडलंय, ते डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश फोडून त्याच्या रेषा दाखवतं. रेषा हव्या तितक्या ठळक आल्या. मी सुटीला राजारामपुरीत ताईकडे आलेय. फोनवर चित्र पाहिलं आणि स्वयंपाकघरातच फरशीवर बसले. इतकं हलकं मला दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

या प्रकाशाला तेलकटपणाचं भारी वावडं. तेलाचा अंश वर गेल्यावर उडतो, आरशावर बसतो, उन्हानं करपतो आणि आरसा आंधळा होतो. म्हणून तर आतली वाफ निघून जाईपर्यंत झाकण कित्येक आठवडे बंद होतं. आणि जोडणीच्या दिवशी मी, एवढी शिकलेली, नाकावरच्या तेलकट घामानं घसरलेला चष्मा हातमोज्याच्या बोटानं वर सारला आणि त्याच बोटानं आरशाची चौकट उचलली. कुणी पाहिलं नाही.

आठवतं, आबा? मी चौथीत आहे, कारखान्यात तुमचा डबा घेऊन आलेय. तुम्ही लेथवर पाठमोरे. माप तपासायचा चकचकीत ठोकळा मी उचलते आणि गुपचूप जागेवर ठेवते. चार दिवसांनी त्यावर माझं अख्खं बोट गंजानं उमटलं होतं. तुम्ही मारलं नाहीत. घासलेटच्या चिंधीनं ठोकळा पुसत म्हणालात, “हात लागला तर लागला. सांगायचं की. तू गप बसलीस म्हणून गंज गप बसतोय व्हय?” मला रागच आला होता तुमचा. पोरीपेक्षा लोखंडाचं कौतुक जास्त, असं वाटलं.

त्या चौकटीचं मी प्रयोगशाळेतल्या आमच्या मोठ्या बाईंना सांगितलं. जोडलेलं सगळं सुटं केलं, चौकट धुऊन भट्टीत तापवली, आठ दिवस गेले. तरी धाकधूक राहिलीच, ते बोट आणखी कुठं लागलं असलं तर? ती धाकधूक काल गेली.

आता सगळे म्हणतात, हिनं तिथल्या तिथं कबूल केलं म्हणून यंत्र वाचलं. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, हे पत्र कुठं पोचायचं नाही, म्हणून लिहिते. तिथल्या तिथं नव्हतं, आबा. आधी मी जेवले, चहा घेतला, आणि संध्याकाळपर्यंत एकच विचार करत बसले की कळणार कुणाला.