ओहोटीला हाक मारू नये

बुधवार, ६ मे १९९२
पोचलो एकदाचे! कारागीर मे महिन्यात आपापल्या मुलखाला गेले, भिवंडीतली आमची यंत्रमागांची शेड बंद पडली, तेव्हा कुठे हसनना आठवलं की आपलं लग्न होऊन महिना झाला आणि बायकोला कुठे फिरवलेलं नाही. काल्हेरहून होडीत बसून भरतीच्या पाण्यावर तिवरबेटावर आलो. सासऱ्यांनी बांधलेलं दोन खोल्यांचं कौलारू घर, पुढे ओटा, चहूकडे तिवरांची झाडी. गोडं पाणी ड्रममध्ये भरून होडीतून आणायचं. मी मुरूडची, समुद्र बघत वाढलेली. मला ही खाडी म्हणजे उकळून उकळून काळा पडलेला चहा वाटते, पण वारा झकास आहे.

बरोबर हबीबा आहे, ह्यांची सहा वर्षांची मुलगी. तिची आई मेहरुन्निसा काविळीने गेली. पोर मला कशानेच हाक मारत नाही, अगदी अडलंच तर ‘ओ’ म्हणते. ह्या सुट्टीत तिला आपलंसं करायचंच, दुसरं काही नको मला.

गुरुवार, ७ मे
घर राखायला बुधी नावाची आदिवासी बाई आहे. तोंडाची फटकळ, माझ्याकडे तर मी घरफोडी करायला आल्यासारखी बघते. दुपारी ओहोटीला पाणी हटलं की सगळा काळा चिखल उघडा पडतो. त्यावर फळी टाकून, एक गुडघा टेकून, दुसऱ्या पायाने रेटत ती घसरत जाते आणि बिळांतून निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, काढते. बघत राहावं असं काम.

हबीबा बघताबघता चिखलात उतरायला निघाली. मी ओट्यावरून आमच्या मुरूडच्या गळ्याने ओरडले, हबीबाऽऽ, बाळा, मागे ये! पोर थबकली, पण बुधी फळी टाकून अंगावर धावून आली. “चिखलावर नाव घेऊन हाक मारायची न्हाय! आमी फळी वाजवतो. नाव कानावर पडलं का त्ये शिकतं, मंग तुमच्याच आवाजात बोलावतं.” ते म्हणजे कोण, असं विचारलं तर थुंकली आणि निघून गेली. हसन हसले. म्हणाले, आमची अम्मीपण इथे थाळीच वाजवायची. मला असल्या खुळचटपणाची भारी चीड येते.

शुक्रवार, ८ मे
आज हबीबाची वेणी घातली. निवट्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी माझ्या हातून खाल्ली तिने, आणि खाताखाता अम्मी म्हणाली. मी ढसाढसा रडले, लाज नाही वाटत लिहायला.

दुपारी कांदा चिरत होते तर धावत आली. का बोलावलं, विचारत होती. मी हाक मारलीच नव्हती. कुठून ऐकू आली म्हटलं, तर तिने चिखलाकडे बोट केलं.

शनिवार, ९ मे
शेडमध्ये वायरिंग जळाल्याचा निरोप आला. हसन सकाळच्या पाण्यावर गेले, उद्या संध्याकाळच्या भरतीला परत येतील. पोरीला हाक आल्याचं ऐकून बुधीही त्याच होडीत चढली. मला म्हणाली, तुम्ही चला, न्हायतर पोरीला तरी द्या. मी नाही म्हटलं. भिवंडीत गेलं की पोर पुन्हा आजीच्या पदराआड. कालच कुठे ती माझी झालीय.

दुपारी ओट्यावर बसलो होतो. तिवरांपलीकडून हाक आली. हबीबाऽऽ, बाळा. माझाच आवाज, शेवटचा हेलसुद्धा मुरूडचा. आणि माझं तोंड बंद होतं.

मी पोर बुधीबरोबर का नाही दिली?

रविवार, १० मे
दाराला कडी. ओहोटी लागलीय. होडी संध्याकाळशिवाय येत नाही.

आवाज जवळ आलाय. काल निजवताना तिच्या कानात बोलले ते सगळं त्याला येतं. हबीबाला सांगितलं, ती मी नाही. पोर माझ्याकडे बघते, खिडकीकडे बघते. मग म्हणाली, तुम्ही घाबरवता. ती नाही घाबरवत.

लिहीत राहिले तर —

पाणी आणायला आतल्या खोलीत ड्रमपाशी गेले. एवढंच. आले तर दार उघडं —

मी ओट्यावर आहे. हबीबा दिसतेय. दूर चिखलात, कुणाच्या तरी मांडीवर. तिथे फळीशिवाय कुणी बसू शकत नाही. साडी माझ्यासारखी. तोंड दिसत नाही. हबीबाची वेणी घालतेय.

थाळी वाजवली. वळत नाही. तिला कुठे ठाऊक थाळी. नावाने हाक मारली. अल्ला, मारली मी —

दोन हाका गेल्या. एक माझी, एक तिकडून.

हबीबा वळली. मला बघितलं आणि किंचाळली. त्या बाईच्या कुशीत तोंड लपवलं. म्हणतेय, अम्मी, ती बघ चिखलातली आली —

मीच आहे गं. मीच. उतरतेय, बाळा, तू फक्त माझ्याकडे ब