श्रुतिकाचा र

४ नोव्हेंबर
सूनबाईने आज मला काम लावलं — श्रुतिकाला र शिकवायचा. नात सहा वर्षांची झाली, अजून रोटीला लोटी म्हणते. वर्गातली पोरं तिला "तोतली" म्हणून चिडवतात. उच्चार सुधारणाऱ्या रीना मॅडमनी उपाय सांगितला आहे. वरच्या दातांच्या मागे गूळ लावायचा आणि तो जिभेच्या शेंड्याने चाटायला लावायचा. सूनबाई मंजू आणि माझा वीरेंद्र दोघंही नोकरीवर. "आई, तुमच्यापाशी टाइमच टाइम हाय," मंजू म्हणाली. खरं आहे. हे गेल्यापासून दिवस सरत नाही.

५ नोव्हेंबर
गूळ लावला. चाटून झाला. र आला नाही. गूळ आणखी पाहिजे!

८ नोव्हेंबर
ह्यांनाही र कधी आला नाही. आणि गाव रामपायली, आडनाव रहांगडाले, बायको रुख्मा! लग्नात नाव घ्यायला लावलं तर भर मांडवात "लुख्मा" म्हणाले. माझ्या बहिणी वरात निघेपर्यंत हसत होत्या. पुढे बसचं तिकीट मी मागायची, बँकेत मी बोलायची. रस्त्यात कोणी राम राम केला की हे नुसते हात जोडायचे. लोक म्हणायचे, डोमाजी किती शांत माणूस! शांत कुठले — घरात तोंड बंद नसायचं.
आता मला लुख्मा म्हणणारं कोणी नाही.

९ नोव्हेंबर
श्रुतिका अंगणात शेजारच्या पोरीशी भांडत होती — "माझी लेवडी हाय, नाही देणाल!" हुबेहूब ह्यांचंच बोलणं. तिला आत बोलावून पुन्हा म्हणायला लावलं. म्हणाली. बक्षीस म्हणून आणखी एक रेवडी दिली.

१२ नोव्हेंबर
अभ्यास झाला असं मंजूला सांगितलं. झाला नव्हता. गूळ आता दातांमागे न लावता सरळ जिभेवर ठेवते. पोरीची तक्रार नाही. गुळाची भेली इतक्यात कशी संपली, मंजूने विचारलं. म्हटलं, र अवघड आहे.

१७ नोव्हेंबर
वर्गात नाव विचारलं तर श्रुतिका सांगतच नाही म्हणे. खाली मान घालून उभी राहते. मंजू सांगता सांगता रडली. चार माणसांत ह्यांचीही मान अशीच खाली असायची — ते मी कशी विसरले? रात्री जेवण गेलं नाही. उद्यापासून खरा अभ्यास.

१८ नोव्हेंबर
आरसा घेऊन बसलो दोघी. जीभ कुठे लावायची ते दाखवायला गेले आणि माझी कवळीच बाहेर आली! पोरगी हसून हसून लोळली. आजचा अभ्यास तिथेच संपला.

६ डिसेंबर
रोज नेमाने बसवते. अजून लोटीच. ती सवय मीच पक्की केली. मंजूला कोणत्या तोंडाने सांगू?

२० डिसेंबर
मंजू ऑफिसातून येऊन माझ्या पाया पडली. श्रुतिकाने शाळेत सगळ्यांसमोर आपलं नाव सांगितलं, पूर्ण कविता म्हटली — एकदम साफ! "आई, तुमच्यानंच झालं." मला काही समजेना. सकाळीच माझ्याकडे लोटी मागितली होती. पोरीला फाटकापाशी एकटी गाठून विचारलं.
"मले र येते ना, आजी. कबका येते," ती म्हणाली. "तुह्यासमोर नाही म्हणत. तुले तसंच चांगलं वाटते."
तिने माझा हात धरला.
"चल, अंधाल झाला. घलात जाऊ."