वेल्ह्याच्या उतारावरचे डिस्क ब्रेक

२४ डिसेंबर २००७
सुलूचा भाऊ अमेरिकेहून आला. बाकीच्यांना चॉकलेटं. मला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, चाकांसकट. माझ्या माउंटन बाईकचे रबरी ब्रेक आता इतिहासजमा. मेहुणा म्हणाला, "नुसतं बोट लावलं की थांबते." असंच काहीतरी माझ्या लायकीचं हवं होतं. भोरच्या कोर्टात एवढी वर्षं वकिली केली, पण ज्याच्याकडे वळून बघावं असं माझ्याकडे काही नव्हतं.
उद्यापासून पहाटे पाचला रायडिंग.

२५ डिसेंबर
सुट्टी. धुकं. धुक्यात जाणं बेजबाबदारपणाचं.

२७ डिसेंबर
खालिदकडे ब्रेक बसवले. खालिदचं मोटारसायकलींचं गॅरेज आहे. त्याचे वडील माझे जुने अशील, त्यामुळे घरचाच. म्हणाला, "सायकलला असलं पहिल्यांदाच बगतोय, वकीलसाहेब. पुस्तक आसंल तर द्या." मी म्हणालो, पुस्तक कशाला, मी आहे ना. तरी संध्याकाळी घरी येऊन सुलूकडून माहितीपत्रक वाचून घेतलं, मगच ब्रेक बसवले. सुलू शाळेत सायन्स शिकवते, तिला असली कामं आवडतात.
काम बरं केलंय. अर्थात माझी देखरेख होती.

२८ डिसेंबर
वेल्ह्याच्या तरुण मंडळाचा फोन. ६ तारखेला रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम, प्रमुख वक्ता मी. लगेच होकार. भाषणाआधी प्रात्यक्षिक दाखवायचं ठरवलंय: बाजाराच्या वरच्या उतारावरून वेगात यायचं आणि स्टेजसमोर फक्कीची रेघ मारून बरोब्बर तिच्यावर थांबायचं. मंडळवाल्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना. भारावले असणार.
भोर ते वेल्हे सायकलनेच जाणार.

३० डिसेंबर, रविवार
आंबवड्यापर्यंत ट्रायल. ब्रेक अपेक्षेपेक्षा सरस. इतके, की सायकल थांबली आणि मी पुढे गेलो. कोपर, गुडघा. एका म्हशीने पाहिलं, बाकी कोणी नाही.

३ जानेवारी २००८
कोपर दुखतंय. रायडिंग बंद. भाषणाचा विषय पक्का केला: 'शिस्त'.

५ जानेवारी, शनिवार
ब्रेक दाबला की चीं असा आवाज येतो. एवढ्या लोकांसमोर हे शोभणार नाही. सुलूच्या शिलाई मशीनचं तेल दोन्ही डिस्कना लावलं, मग फडक्याने चकाकवल्या. आवाज गेला. चाक काय सुंदर फिरतंय!
सुलू माहितीपत्रक घेऊन आली. मोठ्याने वाचलं की डिस्कला तेल लागू देऊ नये. तिला समजावलं की कंपन्या असलं सगळं नंतर अंगाशी येऊ नये म्हणून छापतात. हे मला कळायचं नाही तर कुणाला? "बरं," म्हणाली. हल्ली लवकर पटतं तिला.
सायकल टेम्पोने न्यायची. ब्रेक ताजे राहावेत म्हणून. खालिद म्हणाला, "मीच आणतो, तुमचं भाषण बी ऐकतो." रविवारचं गॅरेज बंद ठेवून येतोय. प्रभाव पडतोच माणसाचा.

६ जानेवारी, रविवार. संध्याकाळ
लिहिणार नव्हतो. पण वस्तुस्थिती नोंदवलेली बरी.
सुरुवात अप्रतिम. उतार, वेग, समोर गर्दी. रेघेच्या अलीकडे ब्रेक दाबले. आवाज अजिबात आला नाही. परिणामही झाला नाही. रेघ गेली. समईचं टेबल गेलं. अध्यक्ष आनंदराव गुरुजी या वयातही चपळ आहेत, ते बाजूला झाले. मी कनातीत शिरलो, आणि कनात माझ्यावर.
लोक हसले. खेड्यात करमणुकीची साधनं कमी.
मी ताबडतोब माईक घेतला. वकिलाने पहिल्या मिनिटाला बाजू मांडायची असते. म्हणालो, "हे ब्रेक भोरच्या खालिदच्या गॅरेजमध्ये बसवलेत. बेजबाबदार कामाने माणसाचा जीव कसा जाऊ शकतो, ते आपण आत्ता पाहिलंत." टाळ्या! विषयाला धरूनच झालं.
खालिद तेव्हा कनातीखालून सायकल ओढून काढत होता. टेम्पोने त्यानेच परत आणलं. घरी सायकल उतरवून भिंतीला लावली. सुलूने चहा टाकला होता, तो न घेताच गेला. दमला असेल.

८ जानेवारी
सुलूने पुढची डिस्क पांढऱ्या रुमालाने पुसली आणि तो रुमाल माझ्या कोर्टाच्या फायलीवर ठेवून शाळेत गेली. फायलीला तेलाचा डाग. आता हा कागद कोर्टात कसा दाखवायचा?

११ जानेवारी
काल रात्री सुलू म्हणाली, वेल्ह्याकडच्या गाड्या खालिदकडे येईनाशा झाल्यात. "तिथे जा, आणि जसं माईकवरून बोललास तसंच माईकवरून सांग." म्हणालो, माईक भाड्याचा होता, परत गेला. तेव्हापासून बोललेलीच नाही.
खालिदशी बोलायला हवं. उद्या नक्की.

१२ जानेवारी
गॅरेजवरून गेलो. खालिद कामात होता. कामाच्या माणसाला अडवू नये.

१५ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ घेऊन जायचं ठरवलं होतं. सुलू आधीच जाऊन आली. घरटी एकाने गेलं की झालं.

१८ जानेवारी
वेल्ह्याला तहसीलचं काम. एस.टी.ने गेलो. तिथल्या स्टँडवर पोस्टर: मी हवेत, तोंड उघडं, मागे कनात. खाली 'ब्रेक तपासा, जीव वाचवा'. नाव नाही, हेल्मेटमुळे चेहराही नीट नाही. फोटोचा अँगल मात्र चांगला आहे.
बाकावर एक म्हातारी होती, ठकुबाई. पोस्टरकडे बोट करून म्हणाली, "ह्यो बाबा वाचला का वो?"
वाचला, म्हणालो.
"द्येवच पावला म्हनायचा. त्यो भोरचा फिटर लई वंगाळ कामाचा, असं माईकवर सांगितलं म्हनं वकिलानं. आमचा गेनू मोटारसायकल तिकडंच न्हेनार हुता. म्या न्हाई जाऊ दिला."
मी बोलणारच होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात एस.टी. लागली.
गर्दी फार. ठकुबाईंनी खिडकीतून पिशवी टाकून माझ्यासाठी जागा धरली. नसरापूरपर्यंत तासभर शेजारीच होत्या.
थंडीबद्दल बोललो. यंदा उशिरा पडली.