बादशहाचा आणि माझा नंबर

१६ फेब्रुवारी, रविवार
आजपासून रोज लिहायचं. मोठे खेळाडू लिहितात म्हणे.
ठरलं. याच सीझनला रघुनंदन सरांच्या टीममध्ये शिरायचं. सर पोलोचे चॅम्पियन. होसकोट्याच्या पुढे त्यांचा स्टड फार्म आहे. घोडे इथंच पैदा करतात, इथंच तयार करतात, त्यांच्यावरच बसून कप आणतात. मी तबेल्यात. सध्या.
मिरजेहून दादाचा फोन. लग्नसराई तोंडावर आली, वरातीच्या घोडीला माणूस नाही, परत ये. म्हणाला, खराराच करायचा तर आपली घोडी काय वाईट आहे? मी सांगितलं, मी टीममध्ये खेळतो. जवळजवळ खरंच आहे. तर म्हणाला, ९ मार्चची मॅच बघायला येतो, खेळताना दिसलास तर गप परत जाईन, नाही दिसलास तर कान धरून नेईन.
येऊ दे.

१९ फेब्रुवारी
प्रॅक्टिस सुरू. बांबूची मॅलेट, म्हणजे पोलोची काठी, केली, पिंपावर खोगीर टाकून बसलो. बॉल लागत नाही. बॉल फार बारीक करतात. गिरीराज अण्णा, म्हणजे आमचे हेड मोतद्दार, मागून बोलले, "हीरो, बॉल राहू दे, आधी लीद उचल." जळतात. त्यांचं वय झालं.

२२ फेब्रुवारी
माझ्या ताब्यात बादशहा आहे. काळाभोर, देखणा. घोडी माजावर आली का हे बघायला पहिला मान त्याचा. कुंपणाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे घोडी. हा मान उंच करून खिंकाळतो, लाडीगोडी लावतो. घोडीची इच्छा नसेल तर ती लाथ झाडते. असेल तर शेपूट उचलून उभी राहते. उभी राहिली की अण्णा म्हणतात, "साकु." कानडीत पुरे. आम्ही परत. मग रीजंटला आणतात, तो परदेशी.
असं रोज होतं. मी बरोबर ओळखलंय. सर बादशहाला कावेरीसाठी राखून ठेवतायत. ज्या घोडीवर सरांनी कप जिंकला ती कावेरी. तिला साधा घोडा चालेल का? अण्णांना विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही नाही.

२७ फेब्रुवारी
पोलोत सात मिनिटांचा डाव, त्याला चक्कर म्हणतात. दर चक्करला घोडा बदलतात. नवा घोडा आधी पळवून गरम करावा लागतो, ते काम माझं. सर म्हणाले, "हात हलका आहे रे तुझा." मग म्हणाले, "उतर."
हलका हात! असं ते कोणालाही म्हणत नाहीत. नालबंदाला म्हणाले होते, पण ते वेगळं.

४ मार्च
बादशहाला लाथ बसली. कुंपणाला गादी आहे, तरी खांदा सुजला. बर्फ लावला. अण्णा म्हणाले, त्याचसाठी तर तो आहे. म्हणजे काय, कोण जाणे. डोक्यात घ्यायचं नाही.

६ मार्च
टीममधला श्रीवत्स पडला. मनगट प्लास्टरमध्ये. फार वाईट वाटलं. टीमच्या चौघांत एक जागा रिकामी.
बूट पॉलिश केले. सर फोनवर कोणाला तरी विचारत होते, रविवारपर्यंत तयारी होईल ना? विचारताना नजर माझ्याकडे. नक्की माझ्याकडे. मागे फक्त पाण्याची टाकी होती.
दादाचं तिकीट निघालंय. येऊ नको म्हणावं का? का म्हणावं?

८ मार्च
चिकपेटेच्या बाजारात जाऊन पांढरी पँट आणली. घट्ट होते. पोलोची घट्टच असते. सर अजून काही बोलले नाहीत. आयत्या वेळी सांगायची त्यांची पद्धत असेल.

९ मार्च, रविवार सकाळ
दादा पोचला. आणि आजच कावेरी माजावर. दादाला म्हटलं, बघच आता.
बादशहा इतका सुंदर कधी दिसला नव्हता. कावेरीनं लाथ मारली नाही. शेपूट उचलली, उभी राहिली. अण्णा फाटक उघडतील म्हणून मी दोर सैल सोडला.
"साकु."
बादशहा हलेना. दोघांनी ओढत आणला. दादानं अण्णांना विचारलं, हे काय? अण्णांनी समजावलं. रीजंट महागाचा, त्याला लाथ बसून कसं चालेल, म्हणून आधी हा. ह्याला कधीच सोडत नाहीत. दादानं मान डोलावली. बघत मात्र माझ्याकडे होता.

रविवार, मॅचनंतर
चौथी आश्लेषा, श्रीवत्सची बहीण. इलेक्ट्रॉनिक सिटीत ऑफिस करून खेळते. बरी खेळते. चांगलीच.
मी पांढऱ्या पँटमध्ये घोडे गरम केले. दर चक्करला सर आले, "उतर" म्हणाले, मी उतरलो. दादा मैदानाच्या दोरीपाशी उभा होता. हलला नाही. आम्ही जिंकलो. म्हणजे ते.
दादा रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "आपल्याकडं नवरदेव बसतो आन् उतरतो. घोडी आपलीच राहते. चल उद्या."
मी हो म्हटलं.

१० मार्च, संध्याकाळ
दादा बसस्टँडवर थांबलाय. सरांना सांगायला गेलो. मनात सगळं तयार होतं, सर अडवतील, मग मी काय बोलायचं. सर कप पुसायला देत होते. म्हणाले, "सरी." म्हणजे बरं. वर, "दोर गिरीराजकडे दे."
बॅग घ्यायला तबेल्यात आलो. अण्णांनी हाक मारली, नवीन घोडी बघायचीय, आण त्याला. बादशहाचे कान आधीच उभे. सुजल्या खांद्यानं असा निघाला की जणू आज वरात त्याचीच. मी त्याला काही सांगितलं नाही. परत आणलं, पाणी दाखवलं, खरारा केला.
मग दादाला फोन लावला. म्हटलं, सर मला सोडायलाच तयार नाहीत.
दादा म्हणाला, "बरं. एकच तिकीट काढतो."