दुसऱ्या दरवाजाची बंदूक

४ जाने. २००५, मंगळ.
आज निशाच्या बाबांशी बोललोच. काका नौदलातून रिटायर, तिथं हेलिकॉप्टरचे मेकॅनिक होते. सरळ म्हटलं, मले निशासंग लग्न करायचं आहे. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीबी ओरडलो असतो. म्हणे, "बी.एस्सी. मधातच सोडली. काहून? तर सरांशी भांडण. टायपिंगबी सोडलं. एक गोष्ट पुरी करून दाखव, मंग बोलू. पौष सरला की वारासिवनीचे पाहुणे येऊन राह्यले निशाले पाहाले."
पौष अजून लागायचा आहे. म्हणजे महिनाभर तरी हातात.
पलंगाखालचं हेलिकॉप्टर काढलं. मामानं मुंबईहून आणलेला प्लास्टिकचा किट. अमेरिकन नौदलाचं, व्हिएतनामच्या लढाईतलं. दोन वर्षांपासून अर्धवट. काकांना कळेल अशी हीच एक वस्तू आहे माझ्याजवळ.

७ जाने., शुक्र.
सायबर कॅफेत गेलतो. अशाच हेलिकॉप्टरच्या दरवाजातल्या मशीनगनचा फोटो सापडला. कॅफेवाला म्हणे, "प्रिंट काली ही आएगी, भाई." कालीच आली. तरी दिसतं, किटमधली बंदूक वेगळी अन् लढाईतली वेगळी. खांद्याला टेकवायचा दस्ता काढून टाकलेला. स्टँड नाही, वरून रबरी दोरीनं टांगली आहे. अन् गोळ्यांचा पट्टा जिथून आत जातो तिथं एक गोल काहीतरी. किटमध्ये ते नाहीच.
दस्ता ब्लेडनं उडवला. दोरीसाठी जुन्या चड्डीच्या इलास्टिकचा एक धागा. झकास. पण ते गोल...

१० जाने., सोम.
कळलं की वारासिवनीवाल्याची राइस मिल आहे. मॉडेल भिंतीवर फेकलं. खालची एक पट्टी तुटली, जिच्यावर हेलिकॉप्टर उभं राह्यते ती.
आई म्हणे, "फेक अजून. कॉलेजबी असंच फेकलं." मग फोटो उचलून, "हा डबा आहे रे."
"मशीनगन आहे ती, आई!"
"मंग? माह्या मशीनीलेबी डबा बांधलाच आहे ना."
खरंच. शिलाई मशीनीले पावडरचा डबा. दोरा त्याच्यावरून घसरत येते, अडकत नाही. फोटोखालची इंग्रजी ओळ डिक्शनरी घेऊन वाचली. सैनिकांचं जेवण बंद होऊन येते तो टिनाचा गोल डबा, रिकामा! पट्टा अडकू नये म्हणून त्यांनीच बांधलेला. एवढं मोठं नौदल, अन् अक्कल माझ्या आईची.
पट्टी चिकटवली.

१२ जाने., बुध.
मॉडेल पस्तीस पट लहान. डबा दोन मि.मी.च्या जरा वर यायला पाहिजे. उदबत्तीची काडी बारीक, स्ट्रॉ जाड. बरोबर बसते ती निशाच्या पेनाची रिफिल. प्रॅक्टिकलला मागितलेलं पेन, परत केलंच नाही. शाई कधीचीच संपली, तरी खिशात असते.
अर्धा तास ब्लेड धरून बसलो.
एक तुकडा कापला. बाकीची पेनात परत. आणखी कापवत नाही.

१४ जाने., शुक्र. संक्रांत
तिळगूळ अन् हेलिकॉप्टर घेऊन गेलो. काकांनी चष्मा पुसला, उजेडात धरलं. "डबा लावला! कोणी सांगितलं?"
"आईनं."
हसले. पहिल्यांदाच. "कशाचा केला?"
"रिफिलचा."
नि. दारात उभी होती. तिनं ओळखली.
मग काकांनी मॉडेल फिरवलं. "अन् इकडचा दरवाजा?"
"फोटोत एकच बाजू दिसते, काका."
"दुसऱ्या बाजूनंबी माणूस बसत असते, बेटा. अर्धंच आणलं पुन्हा." तिळगूळ ठेवून घेतला, हेलिकॉप्टर परत दिलं. डोकं तापलं होतं. तोंड बंद ठेवलं. "पौष आहे अजून," म्हणाले.
फाटकाशी नि. आली. "ती माझी ना? बाकीची कापू नको." हातात नवं पेन. "यातली रिफिल काप. पण भरलेली आहे, लिहून संपव आधी."

१५ जाने., शनि.
दुसऱ्या बंदुकीचा दस्ता काढला. इलास्टिक ताणून बसवलं. डब्याची जागा मोकळी ठेवली आहे.
तिच्याच पेनानं लिहून राह्यलो. सकाळपासून चार पानं झाली. रिफिल उजेडात धरून पाह्यली, शाई नखभर उतरली असंल.
लिहितो.