मीनलचे अमेरिकेतले दिवे

डमडम, बुधवार संध्याकाळ

सूनबाईने, मीनलने, अमेरिकेतलं घर सोडताना ट्रॅक लाइट, म्हणजे छताच्या पट्टीवर बसणारे छोटे दिवे, जपून आणले. तिच्या गेलेल्या आईने काढलेल्या चित्रांवर लावायला. आज चष्मा लावून लेबल वाचलं म्हणून बरं: फक्त १२० व्होल्ट! इथे कलकत्त्यात २३०. उद्या मिस्त्रीने लावताच जळाले असते.

"मग टाकून द्यायचे, बाबा?" तिचे डोळे भरले.

"छे गं! मध्ये ट्रान्सफॉर्मर बसवू, तो व्होल्टेज निम्म्यावर आणतो. बिचारे सपक जेवणारे, त्यांना आपलं तिखट कसं झेपणार?"

ती हसली. मग हळूच म्हणाली, "मलाही नाही झेपत, बाबा."

ते बारीक १२० दिसलं मला. पण महिनाभर पोरगी पानात भाजी ठेवून उठते, ते कसं नाही दिसलं? मिस्त्री येण्याआधी आमच्या हिला सांगायचं, उद्यापासून भाजीत तिखट निम्मं.